दुसऱ्याच्या जागी : काही इंग्रजी शब्दांचा विचार

महाराष्ट्रात इ. स. २००० पासून इंग्रजी हा विषय पहिल्या इयत्तेपासून शिकविला जाऊ लागला आणि खेड्यातील प्राथमिक शिक्षकाचा त्या भाषेशी येणारा संबंध दुहेरी झाला. वर्गात तो ती शिकवितो. आणि बँकेचे छापील नमुने, प्रशिक्षणाचे अर्ज, निरनिराळी प्रमाणपत्रे यांवर त्याला ती लिहावीही लागते. फळ्यावर चुकलेला शब्द दुसऱ्या दिवशी पुसता येतो. कागदावर चुकलेला शब्द मात्र आपल्या हातून निघून जातो व दुसऱ्याच्या दप्तरात जाऊन बसतो. प्रस्तुत लेखात ज्या शब्दांचा विचार करावयाचा आहे ते बहुतांशी असे दप्तरात जाऊन बसणारे आहेत. कोणी रजेवर गेला, आजारी पडला, प्रशिक्षणास गेला किंवा सेवानिवृत्त झाला असता दुसऱ्याने काही काळ त्याच्या जागी काम पाहणे ही आपल्या शाळांतील नित्याची गोष्ट होय. मराठीत आपण 'त्यांच्या जागी मी आहे' एवढेच म्हणतो आणि ऐकणाऱ्याला प्रसंगावरून सारे उमजते. इंग्रजीत या एका 'जागी'साठी दहा-बारा शब्द आहेत, आणि ते एकमेकांच्या जागी चालत नाहीत.

हे मला शिकविले ते एका पत्राने. पुष्कळ वर्षांपूर्वी मी एका लहान शाळेत सहायक शिक्षक होतो. मुख्याध्यापकांचा पाय मोडला व ते दोन महिने वैद्यकीय रजेवर गेले. शाळेचा कार्यभार माझ्याकडे आला. शाळेच्या खात्यावर सही कोणाची चालेल हे बँकेस कळविणे आवश्यक होते आणि बँकेचा नमुना इंग्रजीत होता. मी त्यात मोठ्या आत्मविश्वासाने लिहिले, 'आय हॅव रिप्लेस्ड द हेडमास्टर.' वाक्य व्याकरणदृष्ट्या निर्दोष होते. बँकेतील कारकुनाने त्याचा जो अर्थ होतो तोच घेतला. मुख्याध्यापकांच्या सहीचा नमुना त्याने रद्द केला आणि माझा चिकटविला. दोन महिन्यांनी मुख्याध्यापक कामावर रुजू झाले, त्यांनी मुलांच्या गणवेशाच्या रकमेचा धनादेश काढला, आणि तो परत आला. पुन्हा ठराव, पुन्हा पत्र, पुन्हा छायाचित्रे, पुन्हा तालुक्याच्या खेपा. तोवर सव्वीस जानेवारी येऊन ठेपली व झेंडावंदनास निम्मी मुले जुन्याच कपड्यांत उभी राहिली. मुख्याध्यापकांनी माझ्या पत्राची स्थळप्रत वाचली आणि ते म्हणाले, "अहो गुरुजी, मला काढूनच टाकलेत की हो तुम्ही!" ते हसले खरे, पण त्यांना लागले होते, हे मला दिसत होते.

चूक कोठे झाली? 'रिप्लेस' या शब्दात पहिला मनुष्य जातो व त्याची जागा दुसरा घेतो. पहिला परत येणार आहे असे तो शब्द सांगत नाही. किंबहुना येणार नाही असेच सुचवितो. दिवा गेला की आपण दिवा 'रिप्लेस' करतो. गेलेला दिवा बरा होऊन परत येत नसतो. (याच शब्दाचा 'होती तेथे परत ठेवणे' असाही एक अर्थ आहे. 'रिप्लेस द बुक ऑन द शेल्फ' म्हणजे पुस्तक फळीवर परत ठेवा. तो अर्थ आपल्या प्रसंगास लागू नाही, पण मुलांना तो सांगावा.) मला म्हणावयाचे होते ते एवढेच की, मुख्याध्यापक मुख्याध्यापकच आहेत, ते येईपर्यंत त्यांचे काम मी पाहतो आहे. म्हणून या शब्दांपैकी कोणताही वापरण्यापूर्वी स्वतःस दोन प्रश्न विचारावेत. मूळ माणसाचा त्या जागेवरील हक्क शिल्लक आहे की संपला? आणि दुसऱ्याच्या हाती नेमके काय आले : पद, काम, की केवळ सही? मराठीत हे प्रश्न आपण मनातल्या मनात सोडवितो. इंग्रजी शब्द ते उघड सोडवून मागतात.

'सब्स्टिट्यूट' हा 'रिप्लेस'चा शेजारी. दोहोंचा अर्थ जवळजवळचा आणि वाक्यरचना मात्र अगदी उलटी. 'रिप्लेस' या क्रियापदापुढे जुने प्रथम येते : 'रिप्लेस शुगर विथ जॅगरी', म्हणजे साखर काढा, गूळ घाला. 'सब्स्टिट्यूट'पुढे नवे प्रथम येते : 'सब्स्टिट्यूट जॅगरी फॉर शुगर.' अर्थ तोच. येथे 'फॉर' याचा अर्थ 'साठी' नसून 'च्याऐवजी' असा आहे, आणि आपली मुले 'फॉर' म्हणजे 'साठी' हे पाठ करून बसलेली असल्याने त्यांचा गोंधळ हमखास होतो. फळ्यावर दोन्ही वाक्ये एकाखाली एक लिहून, जाणारी वस्तू एका रंगाच्या खडूने व येणारी दुसऱ्या रंगाच्या खडूने दाखविली असता ही अडचण चटकन सुटते, असा माझा अनुभव आहे.

या दोन शब्दांतील भेद मुलांना समजावयाचा तर क्रिकेटसारखे दुसरे साधन नाही. क्रिकेटमध्ये एखादा क्षेत्ररक्षक जखमी झाला की त्याच्या जागी बदली खेळाडू येतो, तो 'सब्स्टिट्यूट.' त्याला क्षेत्ररक्षण करता येते, पण गोलंदाजी करता येत नाही, कप्तानपद भूषविता येत नाही आणि फलंदाजी तर नाहीच. म्हणजे त्याच्या हाती मूळ खेळाडूच्या कामाचा एक तुकडा आलेला असतो. संघातील स्थान मूळ खेळाडूचेच राहते. पुढे १ ऑगस्ट २०१९ पासून आंतरराष्ट्रीय सामन्यांत असा नियम झाला की, डोक्यास मार लागून एखाद्या खेळाडूस भोवळ वा तत्सम इजा झाली तर त्याच्याऐवजी दुसरा खेळाडू पूर्णपणे घ्यावा. त्याच महिन्यात लॉर्ड्सच्या मैदानावर ऑस्ट्रेलियाच्या स्टीव्ह स्मिथला उसळता चेंडू लागला व त्याच्या जागी मार्नस लाबुशेन खेळला. त्याने दुसऱ्या डावात ५९ धावाही केल्या. नियमावलीत अशा खेळाडूस 'सब्स्टिट्यूट' न म्हणता 'रिप्लेसमेंट' म्हटले आहे, आणि ते यथार्थ आहे. स्मिथचे त्या सामन्यातील स्थान संपले आणि लाबुशेनचे सुरू झाले. वर्तमानपत्रांनी दोन्ही शब्द सरमिसळ वापरले. वर्तमानपत्रांना ते चालते. नियम लिहिणाऱ्यास चालत नाही आणि बँकेस पत्र लिहिणाऱ्यासही चालत नाही.

आता कचेरीच्या भाषेकडे वळू. येथे 'ऑफिशिएटिंग', 'ॲक्टिंग', 'इन चार्ज' व 'ॲडिशनल चार्ज' हे चार शब्दप्रयोग आपणांस वारंवार भेटतात. १ जानेवारी १९२२ पासून अमलात आलेल्या सरकारी सेवेच्या मूलभूत नियमांत 'ऑफिशिएट' या क्रियापदाची व्याख्या केलेली आहे. ज्या पदावर दुसऱ्या व्यक्तीचा धारणाधिकार आहे त्या पदाची कर्तव्ये जो पार पाडतो तो त्या पदावर 'ऑफिशिएट' करतो, असा तिचा मुख्य आशय. धारणाधिकार म्हणजे इंग्रजीतील 'लीन' : मनुष्य प्रत्यक्ष खुर्चीत नसला तरी खुर्चीवर त्याचा जो हक्क राहतो तो. मराठी शासनव्यवहारात यास 'स्थानापन्न' म्हणतात. माझ्या त्या पत्रातील चुकीचे सारे मूळ या एका व्याख्येत सापडते. मुख्याध्यापकांचा धारणाधिकार कायम होता, आणि मी तो एका क्रियापदाने पुसून टाकला होता.

हा भेद मुलांना सांगताना मी रामायणातील भरताचे उदाहरण देतो. चौदा वर्षे राज्याचा कारभार भरताने नंदिग्रामी राहून पाहिला, पण सिंहासनावर रामाच्या पादुका होत्या. कारभार भरताच्या हाती आणि धारणाधिकार पादुकांच्या रूपाने सिंहासनावर! यापेक्षा स्पष्ट उदाहरण कोणत्याही नियमावलीत मिळावयाचे नाही. राजा लहान, आजारी अथवा दूर असता त्याच्या नावाने राज्य पाहणाऱ्यास इंग्रजीत 'रीजंट' म्हणतात. भरत रीजंट होता, राजा नव्हता. इंग्रजीत 'टु फिल समवन्स शूज' असाही एक वाक्प्रचार आहे. एखाद्याच्या पश्चात त्याचे काम त्याच्याच तोडीने करणे, असा त्याचा अर्थ. भरताने त्या पादुकांत पाय घातला नाही हे लक्षात घेता, हा वाक्प्रचार त्याच्याविषयी वापरणे कितपत शोभेल याचा विचार ज्याचा त्याने करावा.

'ॲक्टिंग' हा शब्द मुलांना अभिनयाच्या अर्थाने ठाऊक असतो, आणि 'ॲक्टिंग हेडमास्टर' म्हणताच वर्गात हशा पिकतो. तो पिकू द्यावा. नंतर सांगावे की 'ॲक्ट' म्हणजे मुळात काम करणे, आणि पदापूर्वी हा शब्द आला म्हणजे त्या पदाचे काम तूर्त करणारा. मराठीत 'कार्यवाहू' किंवा 'कार्यकारी' म्हणतात. आपल्या राज्यघटनेच्या ६५ व्या अनुच्छेदात या शब्दाचा उपयोग मोठ्या काटेकोरपणे केलेला आहे. राष्ट्रपतींचे निधन, राजीनामा वा पदच्युती यांमुळे पद रिकामे झाले तर नवा राष्ट्रपती येईपर्यंत उपराष्ट्रपतींनी 'ॲक्ट ॲज प्रेसिडेंट' करावे, असे तेथे म्हटले आहे. परंतु राष्ट्रपती आजारी वा अनुपस्थित असतील तर उपराष्ट्रपतींनी केवळ 'डिस्चार्ज हिज फंक्शन्स' करावे, म्हणजे त्यांची कार्ये पार पाडावीत. पहिल्या प्रसंगी खुर्ची रिकामी आहे. दुसऱ्या प्रसंगी खुर्चीचा धनी हयात आहे व परत यावयाचा आहे. म्हणून शब्द बदलला.

दोन्ही प्रसंग प्रत्यक्ष घडले आहेत. १९६० साली डॉ. राजेंद्रप्रसाद रशियाच्या दौऱ्यावर गेले असता आणि १९६१ साली ते आजारी पडले असता उपराष्ट्रपती डॉ. राधाकृष्णन् यांनी त्यांची कार्ये पार पाडली. पण ३ मे १९६९ रोजी डॉ. झाकिर हुसेन यांचे निधन झाले तेव्हा उपराष्ट्रपती श्री. व्ही. व्ही. गिरी हे कार्यवाहू राष्ट्रपती झाले; आणि स्वतः निवडणुकीस उभे राहण्याकरिता त्यांनी जुलैमध्ये राजीनामा दिला तेव्हा सरन्यायाधीश श्री. हिदायतुल्ला यांनी २४ ऑगस्टपर्यंत ती जागा सांभाळली. आणखी एक बारकावा आपणांस उपयोगी पडेल. या काळात उपराष्ट्रपतींनी राज्यसभेच्या सभापतिपदाचे काम पाहावयाचे नाही, असे ६४ वा अनुच्छेद सांगतो. म्हणजे ते आपली खुर्ची सोडून दुसऱ्या खुर्चीत जातात. आमच्या शाळांत मात्र मुख्याध्यापकांचे काम पाहणारा शिक्षक आपला चौथीचा वर्ग सोडून जात नाही; तो दोन्ही सांभाळतो. ही स्थिती 'ॲडिशनल चार्ज' अथवा अतिरिक्त कार्यभार या शब्दाने दर्शविली जाते. अतिरिक्त हा शब्द कागदावर लहान दिसतो, पण तो कोणाच्या पाठीवर असतो हे वाचकांस सांगावयास नको.

मृत्यूनंतरच्या अशाच एका प्रसंगी लोकांची भाषा कशी सैल होते हेही पाहण्याजोगे आहे. २७ मे १९६४ रोजी पंडित नेहरू आणि ११ जानेवारी १९६६ रोजी श्री. लालबहादूर शास्त्री निवर्तले. दोन्ही वेळी श्री. गुलझारीलाल नंदा यांनी तेरा-तेरा दिवस पंतप्रधानपद सांभाळले. बोलताना आपण त्यांना हंगामी पंतप्रधान म्हणतो, पण घटनेत हंगामी पंतप्रधान असे पद नाही. त्यांनी शपथ घेतली ती पंतप्रधान म्हणूनच. इंग्रजीत अशा वेळी 'इंटरिम' हा शब्द वापरतात. 'इंटरिम' म्हणजे मधल्या काळातला. 'प्रोटेम' त्याचाच भाऊ. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ 'तेवढ्या वेळेपुरता.' नव्या विधानसभेत अध्यक्षाची निवड होईपर्यंत कामकाज चालविणारा तो 'प्रोटेम स्पीकर', मराठीत हंगामी अध्यक्ष. निवडणुकीच्या तोंडावर वा राजीनाम्यानंतर रोजचा व्यवहार पाहणारे ते 'केअरटेकर' सरकार. त्यास मराठीने 'काळजीवाहू' हा फार सुरेख शब्द दिला आहे.

'इन चार्ज' याविषयी एकच सूचना. 'द टीचर इज इन चार्ज ऑफ द क्लास' म्हणजे वर्ग शिक्षकाच्या ताब्यात आहे. पण 'द क्लास इज इन द चार्ज ऑफ द टीचर' यातही वर्गच शिक्षकाच्या ताब्यात आहे. मध्ये 'द' हे उपपद आले की कर्ता व ताबेदार यांची अदलाबदल होते. 'द हेडमास्टर इज इन द चार्ज ऑफ द असिस्टंट टीचर' असे लिहिणाराने मुख्याध्यापकांनाच सहायकाच्या स्वाधीन केले असे होईल!

मराठीतील 'जागा' हा शब्द जसा या सर्व व्यवहाराच्या मुळाशी आहे, तसा तो युरोपीय भाषांतही आहे, आणि शब्दांची ही कुळकथा मुलांना आवडते. लॅटिनमध्ये जागेस 'लोकस' व धरणाऱ्यास 'टेनेन्स' म्हणतात. त्यावरून 'लोकम टेनेन्स', म्हणजे जागा धरून ठेवणारा. डॉक्टर रजेवर गेले की त्यांचा दवाखाना सांभाळावयास येणाऱ्या डॉक्टरास इंग्रजीत 'लोकम' म्हणतात तो याच शब्दाचा तुकडा. फ्रेंचमध्ये जागेला 'ल्यू' म्हणतात. त्यावरून बनलेला 'लेफ्टनंट' हा शब्दही अक्षरशः जागा धरणाराच आहे. म्हणजे दवाखान्यातील लोकम आणि पलटणीतील लेफ्टनंट ही एकाच अर्थाची दोन भावंडे होत. 'इन ल्यू ऑफ', म्हणजे 'च्या बदली', या कचेरीच्या वाक्प्रचारातील 'ल्यू' तोच. जुन्या इंग्रजीत जागेस 'स्टेड' असे नाव होते. 'इन्स्टेड' या शब्दात ते आजही बसलेले आहे. 'इन्स्टेड' म्हणजे 'जागी' एवढाच त्याचा मूळ अर्थ. 'व्हाइस' या उपसर्गाचाही अर्थ 'च्या जागी' असाच. 'व्हाइसरॉय' म्हणजे राजाच्या जागी असलेला.

आपल्याकडेही अशा शब्दांची वाण नव्हती. अष्टप्रधान मोहिमेवर गेले असता दरबारातील त्यांचे काम पाहणाऱ्यास मुतालिक म्हणत, आणि ते नाव आडनावाच्या रूपाने अद्याप टिकून आहे. 'नायब' हा शब्द नायब तहसीलदारात आपण रोज उच्चारतो. बादशहा शाहआलम याने १७८४ साली पेशव्यांना 'वकील-इ-मुत्लक' केले आणि महादजी शिंदे यांना त्यांचे नायब. म्हणजे बादशहाच्या जागी पेशवे आणि पेशव्यांच्या जागी महादजी, अशी ती जागेवर जागा होती. प्रत्यक्ष सत्ता कोणाच्या हाती होती हे इतिहासाच्या तासाला मुलांना विचारावे. जागा धरणारा नेहमीच दुबळा असतो असे नाही.

सहीच्या बाबतीत वेगळे शब्द लागतात, कारण तेथे पद वा काम हस्तांतरित होत नसून केवळ दुसऱ्याच्या नावाने बोलण्याचा अधिकार मिळालेला असतो. 'ऑन बिहाफ ऑफ' म्हणजे 'च्या वतीने.' 'इन्स्टेड ऑफ' म्हणजे 'च्याऐवजी.' या दोहोंची गल्लत आपल्या पत्रांत फार आढळते. 'आय अटेंडेड द मीटिंग ऑन बिहाफ ऑफ द हेडमास्टर' याचा अर्थ मुख्याध्यापकांचे म्हणणे मी तेथे मांडले. 'इन्स्टेड ऑफ द हेडमास्टर' म्हटले तर त्यांच्याऐवजी मी गेलो एवढेच कळते. त्यांनी पाठविले की मी आपणहून गेलो, हे कळत नाही. शासकीय पत्राखाली अधिकाऱ्याच्या हुद्द्यानंतर 'करिता' असा शब्द लिहून दुसरा मनुष्य सही करतो, तेव्हा तो इंग्रजीतील 'फॉर'चे काम करीत असतो. 'प्रॉक्सी' याही शब्दाचे मूळ मुखत्यारीच्या अर्थाच्या एका जुन्या शब्दात आहे. कंपनीच्या सभेत भागधारकाने आपल्यातर्फे मत देण्यास लेखी नेमलेला मनुष्य तो प्रॉक्सी; हा व्यवहार कायदेशीर व राजमान्य आहे. परंतु महाविद्यालयातील विद्यार्थी मित्राची हजेरी लावतात तीही 'प्रॉक्सी'. आणि स्वतः घरी राहून थोड्या पैशांत दुसऱ्यास वर्गावर उभे करणारा कोणी शिक्षक आढळला तर त्या प्रकारासही वर्तमानपत्रे हेच नाव देतात. शब्द एकच असता एका ठिकाणी अधिकारपत्र आहे व दुसऱ्या ठिकाणी फसवणूक आहे. नेमणाऱ्याला तसे नेमण्याचा अधिकार होता काय, एवढ्यावर हा सारा फरक अवलंबून आहे.

'डेप्युट' व 'डेप्युटाइज' यांतही सावधगिरी हवी. 'आय वॉज डेप्युटेड' म्हणजे मला पाठविण्यात आले, माझी प्रतिनियुक्ती झाली. 'आय डेप्युटाइज्ड फॉर द हेडमास्टर' म्हणजे त्यांच्या गैरहजेरीत त्यांचे काम मी पाहिले. प्रशिक्षणास गेलेला 'डेप्युट' झाला आणि मागे राहून त्याचा वर्ग पाहणाऱ्याने 'डेप्युटाइज' केले. 'रिलीव्ह' हा शब्द आपण कार्यमुक्त या अर्थाने वापरतो व तो योग्यच आहे. पहारेकऱ्याला त्याच्या वेळेनंतर दुसरा येऊन मोकळा करतो, ते 'रिलीव्ह' करणे. पण 'आय ॲम रिलीव्ह्ड' एवढेच म्हटले तर ऐकणारा इंग्रज 'माझ्या जिवाला हायसे वाटले' असा अर्थ घेईल. बदलीचा आदेश हाती पडल्यावर दोन्ही अर्थ एकदम खरे असण्याचा संभव आहेच.

बदली हा शब्द आला म्हणून सांगतो. मराठीत 'माझी बदली झाली' यातील बदली वेगळी आणि 'बदली कामगार' यातील वेगळी. मुंबईच्या कापड गिरण्यांत कायम कामगार गैरहजर राहिला की दारात उभ्या असलेल्यांपैकी एकास त्या दिवसापुरते घेत, तो बदली. या माणसास इंग्रजीत नेमका शब्द नव्हता असे नाही. पण गिरणीचे वास्तव ज्या शब्दात होते तोच कायद्याने उचलला. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्याच्या इंग्रजी मजकुरातच 'बदली वर्कमन' अशी संज्ञा दाखल झाली व तिची व्याख्याही करण्यात आली : हजेरीपटावर ज्याचे नाव आहे अशा दुसऱ्या कामगाराच्या जागी ठेवलेला कामगार. त्याची एक वर्षाची अखंड सेवा पूर्ण झाली की कामबंदीच्या काळातील नुकसानभरपाईपुरते त्यास बदली समजावयाचे नाही, असेही तेथे म्हटले होते. म्हणजे या एका शब्दाच्या अलीकडे राहावे की पलीकडे जावे यावर एखाद्या कुटुंबाची चूल अवलंबून असे. आम्ही पत्रात एक क्रियापद चुकलो तर एका सहीची अडचण झाली. तेथे एका नामावर पगार होता.

राहिले बोलण्यातील वाक्प्रचार. ते सोपे आहेत व वर्गात ताबडतोब वापरता येतात. 'गाळलेल्या जागा भरा' या प्रश्नामुळे 'फिल इन' मुलांच्या परिचयाचे असते. त्यास 'फॉर' जोडले की 'फिल इन फॉर' म्हणजे गैरहजर माणसाची गाळलेली जागा भरणे. 'स्टँड इन फॉर' याचा अर्थही तोच. चित्रपटाच्या चित्रीकरणात नट येण्यापूर्वी दिवे जुळविण्यासाठी त्याच्या जागी जो नुसता उभा राहतो त्याला 'स्टँड-इन' म्हणतात. नाटकात दुसऱ्याची भूमिका पाठ करून वेळप्रसंगासाठी तयार राहणारा तो 'अंडरस्टडी.' 'कव्हर फॉर' याला मात्र दोन अर्थ आहेत : सहकाऱ्याचे काम पाहणे, आणि सहकाऱ्याची चूक झाकणे. गंमत अशी की आपल्या 'सांभाळून घेणे' यातही हे दोन्ही अर्थ आहेत. 'होल्ड द फोर्ट' म्हणजे मुख्य माणूस येईपर्यंत घर वा कचेरी सांभाळणे. गड राखणे म्हणजे काय हे महाराष्ट्रातील मुलांना समजावून सांगण्याची गरज पडत नाही. गैरहजर शिक्षकाच्या जागी येणाऱ्यास इंग्लंडात 'सप्लाय टीचर', अमेरिकेत 'सब्स्टिट्यूट टीचर' आणि ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमध्ये 'रिलीफ टीचर' म्हणतात. आपल्याकडे बहुधा शेजारच्या वर्गाचे गुरुजी किंवा बाई मधले दार उघडून दोन्ही वर्गांवर नजर ठेवतात. त्या प्रकाराला नाव देण्याची सवड कोणाला मिळालेली नाही.

आमच्या त्या मुख्याध्यापकांना पुढच्याच वर्षी पुन्हा रजा घ्यावी लागली. या वेळी बँकेच्या पत्राचा मसुदा त्यांनी स्वतःच केला व माझ्यापुढे ठेवला. त्यात 'रिप्लेस' नव्हते, 'सब्स्टिट्यूट' नव्हते. 'ड्यूरिंग माय ॲबसन्स ऑन लीव्ह, द असिस्टंट टीचर विल बी इन चार्ज ऑफ द स्कूल अँड विल साइन ऑन माय बिहाफ', एवढे लिहून त्यांनी पुढे आपण कामावर रुजू होणार असल्याची तारीख घातली होती आणि तिच्याखाली दोन रेघा ओढल्या होत्या.